"मग आम्ही बघायचं काय?" : हायस्कूलच्या नाटकांमागे लागलेल्या एका बापाचं प्रकरण

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतलं एक मराठी कुटुंब. वडील सांगलीचे, आई नाशिकची, मुलगी इथंच जन्मलेली. हायस्कूलची चारही वर्षं मुलगी शाळेच्या नाटकांत होती आणि त्या चार वर्षांत वडिलांनी तिचा एकही प्रयोग चुकवला नाही. नाटक नव्हे, प्रयोग. इथल्या शाळेचं नाटक गुरुवारी उघडतं आणि शनिवारी रात्री संपतं. शनिवारची दुपार धरून चार प्रयोग होतात, आणि हे गृहस्थ चारही प्रयोगांची तिकिटं काढत. मी त्याच शाळेतली एक पालक, नाटकाला मदत करणाऱ्या बूस्टर क्लबात मध्यंतराचा चहा-कुकीजचा गल्ला सांभाळायचे, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलं. घरच्यांना विचारून, नावं गाळून लिहिते आहे.

लेकीचं कौतुक असलेले बाप आपल्याकडे काही कमी नाहीत. हे प्रकरण वेगळं झालं ते तिसऱ्या वर्षी. मुलीनं रंगमंचावर यायचंच थांबवलं, पण नाटक सोडलं नाही. आणि तिला बघायला जाणाऱ्या माणसापुढे प्रश्न उभा राहिला.

इथली रीत

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये नववी ते बारावी असते. बहुतेक शाळांत नोव्हेंबरच्या आसपास एक गद्य नाटक आणि मार्चच्या आसपास एक म्युझिकल. आधी ऑडिशन, मग निवडक मुलांना पुन्हा बोलावणं, मग यादी. यादी आमच्या शाळेत शुक्रवारी संध्याकाळी लागते. रडायचं ते मुलांनी शनिवार-रविवारी घरी रडून घ्यावं, हा त्यामागचा शहाणपणा.

नाटक शाळेचं असलं तरी हक्क शाळेचे नसतात. म्युझिक थिएटर इंटरनॅशनल किंवा कॉनकॉर्डसारख्या कंपन्यांकडून परवाना घ्यावा लागतो. एका म्युझिकलचे त्यापायी हजारो डॉलर जातात. संहितेतलं वाक्य बदलता येत नाही आणि सहसा चित्रीकरणही करता येत नाही. या शेवटच्या नियमाशी आपल्या सांगलीकरांची पहिली चकमक झाली, ती पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. शाळकरी नाटकवाल्या मुलांची 'इंटरनॅशनल थेस्पियन सोसायटी' नावाची संस्था १९२९ पासून आहे. तिचं सदस्यत्व गुणांवर मिळतं. साधारण दहा तासांच्या चांगल्या कामाला एक गुण, आणि दहा गुण झाले की सदस्य. त्यात नायिकेचे तास आणि रंगमंचामागे खिळे ठोकणाऱ्याचे तास वेगळे मोजत नाहीत. याउलट २००९ पासून न्यू यॉर्कमध्ये होणारे 'जिमी' पुरस्कार घ्या. देशभरातून हायस्कूलची मुलं येतात, आणि मुख्य मान दोघांचा: सर्वोत्तम अभिनेता, सर्वोत्तम अभिनेत्री. पालकांच्या व्हॉट्सॲप गटात यांतल्या कुठल्या संस्थेच्या लिंका फिरतात, हे सांगायची गरज नाही.

पहिलं वर्ष: जिवंतपणी पितर

नववीत मुलीला म्युझिकलच्या समूहात जागा मिळाली. नाटक 'द ॲडम्स फॅमिली'. अमेरिकी शाळांतल्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या म्युझिकल्समध्ये त्याचं नाव अनेक वर्षं वर राहिलं आहे. कारण व्यवहारी आहे: त्यात समूहाला भरपूर काम आहे, आणि शाळेला शक्य तितकी पोरं रंगमंचावर आणायची असतात. हा समूह म्हणजे ॲडम्स घराण्याचे मेलेले पूर्वज, वेगवेगळ्या काळांतल्या पोशाखातले, तोंडाला पांढरं फासलेले. सांगलीच्या आजीला फोनवर हे कळलं तेव्हा ती भडकली. "चौदा वर्षांच्या पोरीला पितर केलंय? आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?"

वडील चारही प्रयोगांना गेले. स्मरणिकेत शुभेच्छांची अर्ध्या पानाची जाहिरात दिली. पहिल्या प्रयोगात तर त्यांना मुलगी सापडेचना. वीस पांढऱ्या चेहऱ्यांत आपली कुठली? सापडली तेव्हा फोन वर केला आणि चित्रीकरण सुरू केलं. रांगेच्या टोकाशी उभ्या असलेल्या दहावीतल्या मुलानं येऊन नम्रपणे फोन बंद करायला लावला. वडिलांना हा अपमान वाटला. आजी-आजोबांनी नातीचं काम बघायचंच नाही का? प्रश्न रास्त होता, पण उत्तर त्या मुलाकडे नव्हतं.

मला त्या आठवड्यात जाणवलं ते वेगळंच. चार वेळा बघूनही त्यांना नाटकाची गोष्ट धड सांगता येत नव्हती. तिचं सगळं सांगता येत होतं. ती कुठून येते, कुठल्या ओळीला हात वर करते, कुठं तिच्या पुढे एक उंच मुलगा येतो. बाकी रंगमंच त्यांच्यासाठी रिकामाच होता.

गाडीतला दुसरा दिग्दर्शक

वडिलांना नाटकातलं काहीच कळत नसतं तर पुढचं इतकं बिघडलं नसतं. पण ते पडले सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' जिथं केलं, त्या गावच्या माणसाला नाटकाबद्दल मत नसेल तर त्यानं गाव बदलावं, असं ते स्वतःच म्हणतात. लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून भावे नाट्यमंदिरात संगीत नाटकं पाहिलेली, कॉलेजात एकांकिका केलेल्या, इथल्या गणेशोत्सवात दरवर्षी एक भूमिका ठरलेली.

त्यामुळे प्रयोग संपला की घरी परतताना गाडीत सुरू होई. "आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत नाही तुझा." "हात लोंबकळतात." दहावीतल्या नोव्हेंबरच्या नाटकात तिला तीनच वाक्यं होती, त्यांवरही पंधरा मिनिटं. मार्चच्या म्युझिकलमध्ये पुन्हा समूह. गुरुवारी रात्री वडील म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात तू झाकली जातेस. अर्धं पाऊल पुढं ये की."

शुक्रवारी ती अर्धं पाऊल पुढं आली. मागच्या मुलाला वळायला जागा उरली नाही आणि तो तिच्यावर आदळला. रंगमंचावर कोण कुठं उभं राहणार याच्या रंगीत चिकटपट्ट्या उगाच मारलेल्या नसतात. दिग्दर्शक बाईंनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं. बाबांनी सांगितलं म्हणून आले, असं कुठलं पंधरा-सोळा वर्षांचं मूल कबूल करेल? तिनं ऐकून घेतलं.

त्याच म्युझिकलच्या निवडीवरून आधीच एक घोळ झालेला होता. मुलीला एका मोठ्या भूमिकेसाठी दुसऱ्यांदा बोलावलं होतं. यादीत मात्र नाव समूहात. रविवारी रात्री वडिलांनी बाईंना ईमेल लिहिली. मी ती नंतर वाचली. भाषा सभ्य, लांबी भरपूर, आणि शेवटच्या परिच्छेदात, निवडीत 'सगळ्या समाजांतल्या' मुलांचा विचार झाला का, असा प्रश्न.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकी रंगभूमीवर कुणाला कुठली भूमिका द्यायची आणि रंगाचा त्यात किती हात असतो, हा जुना आणि खरा वाद आहे. आपल्या मुलांना मित्राची, शेजाऱ्याची, गर्दीतल्या कुणाची तरी भूमिका मिळते, हे मीही पाहिलेलं आहे. पण इथं ती भूमिका एका तमिळ घरातल्या मुलीला मिळाली होती. ईमेल लिहिताना वडिलांनी यादीत वरच्या नावाकडे नीट पाहिलंच नव्हतं. ते आपलं नाव शोधत होते.

बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. निवडीबद्दल मी पालकांशी चर्चा करत नाही. विद्यार्थिनी स्वतः विचारायला आली तर आनंदानं बोलेन. हेच त्यांनी मुलीलाही सांगितलं आणि घरात स्फोट झाला. "बाबा, तू मला न विचारता माझ्या डायरेक्टरला लिहिलंस?" त्यानंतर तिनं तालमींबद्दल घरात बोलणं बंद केलं. पहिल्या प्रयोगाला येऊ नकोस, असंही सांगितलं. वडील गेलेच, शेवटच्या रांगेत खांबाआड बसले. अर्ध्या पावलाची सूचना तिथूनच सुचली.

बाईंशी बोलणं आणि त्यातून निघालेलं

मुलगी काही दिवसांनी खरंच बाईंकडे गेली. कारणं साधी होती. त्या भूमिकेतल्या गाण्यांची पट्टी तिच्या आवाजाच्या वर जात होती. पण बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली: कुणी गैरहजर असलं की त्यानं कुठं उभं राहायचं, कुठून निघायचं, हे सगळे तुलाच विचारतात, हे तुझ्या लक्षात आलंय का? पुढच्या वर्षी स्टेज मॅनेजर, म्हणजे दिवा-आवाज कधी होणार ते सांगून प्रयोग चालवणारी, होशील?

म्हणजे ईमेलमुळे चांगलंच झालं, असा हिशेब कुणी मांडेल. मी मांडणार नाही. वडील मात्र अधूनमधून मांडतात.

अकरावीच्या सुरुवातीला तिनं घरी जाहीर केलं की आता ऑडिशन देणार नाही. आई म्हणाली, "बरं." वडील बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले ते या लेखाचं शीर्षक आहे. त्यात राग नव्हता असं आई सांगते. खरोखर अडचण होती. चार प्रयोगांना जायचं, आणि अंधारात बसून काय करायचं?

"होल्ड, प्लीज"

नाटक ठरलं 'क्लू'. त्याच नावाच्या बैठ्या खेळावर आणि १९८५ च्या चित्रपटावर बेतलेलं रहस्यमय विनोदी नाटक, गेल्या काही वर्षांत शाळांचं फार लाडकं. वादळी रात्र, एक हवेली, सहा पाहुणे, एकामागून एक खून. म्हणजे विजा, गडगडाट, दिवे जाणं, दाराची घंटा, बंदुकीचा आवाज. अभिनेत्यांइतकंच काम यंत्रणेला, आणि त्या यंत्रणेतलं प्रत्येक काम कुणीतरी 'आता' म्हटल्यावर होणारं.

प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात मुलं रात्री नऊ-दहापर्यंत शाळेत असतात आणि जेवण बूस्टर क्लब देतो. मी वडिलांना मंगळवारच्या जेवणाला लावून टाकलं. ॲलर्जीच्या यादीमुळे दाणे-काजू वर्ज्य, म्हणून पावभाजी. ते साडेपाचला भांडी घेऊन आले आणि भाजी गरम ठेवायची म्हणून सभागृहाच्या मागच्या दाराशी थांबले. आत दिवे-आवाजाची तालीम सुरू होती. या तालमीत संवाद गाळत एका खुणेवरून, म्हणजे क्यूवरून, पुढच्या खुणेवर जातात. पाहणाऱ्याला यापेक्षा कंटाळवाणं काही नाही. वीज चमकते, थांबा, पुन्हा. दार उघडतं, थांबा, पुन्हा. वीस मिनिटांच्या प्रसंगाला दोन-तीन तास जातात.

मुलगी सभागृहाच्या मधोमध टेबल टाकून बसली होती. कानावर हेडसेट, पुढ्यात जाडजूड फाइल. एका पानावर संहिता, समोरच्या पानावर पेन्सिलीच्या खुणा. कुठल्या शब्दावर दिवा, कुठल्या श्वासावर घंटा. आधी 'स्टँडबाय', मग 'गो'. हेडसेटवर हा दुसरा शब्द एरवी कुणी उच्चारायचाच नाही, नाहीतर कुणाचा तरी हात बटणावर पडतो.

मग एका प्रसंगात सरकती भिंत अडकली आणि ती म्हणाली, "होल्ड, प्लीज." ओरडली नाही. पण मंचावरची मुलं जागच्या जागी थांबली, शिडीवरचा बारावीतला मुलगा थांबला, बाईसुद्धा थांबल्या. भिंत सुटेपर्यंत कुणी हललं नाही.

वडील मला नंतर म्हणाले, "वहिनी, हाच तो आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत येत नाही म्हणायचो मी." एवढं बोलून पाव भाजायला गेले.

त्या रात्री गाडीत त्यांनी पहिल्यांदा असं काही विचारलं ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. 'स्टँडबाय' किती आधी द्यायचा? दोन खुणा एकदम आल्या तर? मुलगी घरी पोचेपर्यंत बोलत होती. आई म्हणते, दोघं ड्राइव्हवेत गाडी बंद करून आणखी बराच वेळ बसली होती.

गोळी उशिरा वाजली

गुरुवारी वडिलांनी अर्धा वेळ मान वळवून, प्रयोगाला मुलगी बसते त्या मागच्या काचेच्या खोलीकडे बघण्यात घालवला. तिथं काही दिसत नाही, लुकलुकणारे दोन दिवे सोडून. शुक्रवारी ते पुढे बघायला लागले. प्रत्येक वीज, प्रत्येक घंटा ही तिचीच, हे एकदा डोक्यात बसल्यावर त्यांना अख्खं नाटक दिसायला लागलं. कुठला मुलगा विनोदाला वेळ देतो, कुणाचं टायमिंग घाईचं आहे, दिवे गेल्यावर अंधारात सहा जणं न धडपडता जागा कशा बदलतात. ज्या मुलांची नावंही त्यांना आधी माहीत नव्हती, त्यांच्याबद्दल ते मध्यंतरात माझ्याशी बोलत होते.

उत्तरार्धात दारात आलेलं एक पात्र गोळी लागून पडतं. शुक्रवारी पात्र आधी पडलं, गोळी मग वाजली. सभागृह खदखदून हसलं. विनोदी नाटक आहे, मुद्दामच केलं असणार. वडील हसले नाहीत. त्यांना कळलं होतं.

गाडीत पहिल्या सिग्नलपर्यंत दोघं गप्प. एक वर्षापूर्वी इथं काय बोललं गेलं असतं ते दोघांनाही पाठ होतं. वडिलांनी विचारलं, "तिथं ठरलं काय होतं?"

"त्याच्या वाक्यावर क्यू आहे. तो एक ओळ खाऊन पुढं गेला. मी पान उलटत होते."

"मग उद्या?"

"पुढच्या पानावर वर पुन्हा लिहून ठेवलाय. आता कुठलंही पान उघडं असलं तरी दिसेल."

संपलं. घरी आल्यावर तिनं प्रयोगाचा अहवाल लिहिला. स्टेज मॅनेजर प्रत्येक प्रयोगानंतर लिहितो: किती वाजता सुरू, किती मिनिटं, काय बिघडलं. त्यात एक ओळ होती: गोळीचा आवाज उशिरा, चूक स्टेज मॅनेजरची. अभिनेत्यानं ओळ खाल्ली होती याचा उल्लेख नाही. वडिलांनी ती ओळ वाचली आणि सूचना देण्यासारखं काही उरलंच नाही.

माझं मत विचाराल तर या प्रकरणाचा सांधा 'ठरलं काय होतं' या प्रश्नात आहे. जेनिफर फ्रेड्रिक्स आणि जॅकलिन एक्लिस या अभ्यासकांनी २००४ मध्ये मुलांच्या खेळांबाबत लिहिताना पालकांच्या तीन कामांची मांडणी केली होती: सोय करून देणारा, स्वतःच्या वागण्यातून दाखवणारा, आणि मुलाच्या अनुभवाचा अर्थ लावून देणारा. सोय आपले पालक जीव तोडून करतात. क्लास, गाडी, तिकिटं, जाहिरात, कशातच कमी नसते. गडबड तिसऱ्यात होते, कारण मूल अजून पोशाख बदलत असतं आणि आपण अर्थ लावून मोकळे झालेलो असतो. वडिलांना चार प्रयोगांना न जाण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला. जरा सैल सोडा, म्हणे. मला तो सल्ला कधीच पटला नाही. त्यांचं जाणं त्रासदायक नव्हतं. त्रास होता तो परतीच्या वाटेवर. आई प्रत्येक नाटकाला एकदाच जायची आणि "मजा आली" एवढंच म्हणायची. मुलीला तेही पुरायचं. पण अकरावीनंतर चारही दिवस गाडीत वडीलच हवेत, असा हट्ट तिचाच होता.

सांगलीची पहाट

आजी-आजोबांचा प्रश्न 'क्लू'च्या वेळी सुटला. २०२० च्या महासाथीत हक्क देणाऱ्या कंपन्यांनी ऑनलाइन प्रक्षेपणाचे वेगळे परवाने मोठ्या प्रमाणावर सुरू केले. सगळ्या नाटकांना मिळत नाहीत, पैसेही वेगळे पडतात. त्या वर्षी शाळेनं शनिवार रात्रीच्या प्रयोगासाठी तो घेतला. इथले संध्याकाळचे सात म्हणजे नोव्हेंबरात सांगलीत पहाटेचे साडेपाच. दोघं शाली पांघरून बसली.

आजीची तक्रार अपेक्षित होती. "दोन तास बसले, पोरगी कुठं दिसली नाही." आजोबांनी मात्र फोन मागून घेतला आणि नातीला विचारलं, "तिकडं तिसरी घंटा कोण देतं गं?"

"मीच, आबा. म्हणजे घंटा नसते, पण मी म्हटल्याशिवाय सुरू होत नाही."

आबा तरुणपणी गल्लीतल्या गणपतीच्या नाटकांत पडदा ओढायचे. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही. त्या दिवशीपासून आजोबा-नातीचं दर रविवारी बोलणं असतं. मी ऐकलंय त्यावरून तरी विषय बहुतेक दोऱ्या, कप्प्या आणि वेळेवर न येणारे नट.

पुढे

बारावीतही ती स्टेज मॅनेजरच राहिली. कॉलेजात स्टेज मॅनेजमेंट शिकायचं की इंजिनिअरिंग, यावर घरात महिनाभर धुसफूस झाली. स्टेज मॅनेजमेंटच्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी ऑडिशनऐवजी कामाची फाइल आणि मुलाखत असते, ही माहिती वडिलांनीच शोधून काढली आणि मग आपणच का शोधली म्हणून हळहळले. शेवटी तिनं इंजिनिअरिंग घेतलं, आणि पहिल्याच सत्रात कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यांच्या नाटकाला जाऊन चिकटली. तिनं अभिनय सोडायला नको होता, असं वडिलांना आजही वाटतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. ती ऐकून घेते आणि विषय बदलते.

शाळा सोडताना वडिलांनी बूस्टर क्लबाला एक ईमेल लिहिली, या वेळी मुलीला आधी दाखवून. मागण्या दोन. लॉबीतल्या फलकावर फक्त नटांचे फोटो लागतात, तिथं पडद्यामागच्या मुलांचेही लागावेत. आणि त्यांच्या घरच्यांना एक प्रयोग मोफत असावा, कारण त्यांना बघायला तसंही काही मिळत नाही. पहिली मागणी त्याच बैठकीत मान्य झाली, फोटोंचा खर्च किरकोळ होता. दुसरीवर खजिनदारांनी रॉयल्टीचा आणि तिकीटविक्रीचा हिशेब मांडला, आणि ती पुढच्या वर्षीच्या विषयपत्रिकेवर ढकलली गेली.